श्री. हान यांच्यात अजून पुष्कळ उणिवा आहेत

हानचा पहिला प्रश्न वयाचा असे. नाव, गाव, काम हे नंतर. मिरकाबमधल्या परकारांच्या टायपिंगच्या दुकानात त्याची-माझी गाठ पडली तेव्हा त्याने आधी मान लववली आणि मग विचारलं, "आपलं वय किती?" एकोणचाळीस, मी म्हणालो. तो एकतीसचा होता. कोडं सुटल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला आणि बाकावरचा चहाचा पेला उचलून त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. थोरांना वस्तू दोन्ही हातांनी द्यायची, धाकट्यांना एका. समोरच्याचं वय कळल्याशिवाय आपल्याला साधा चहाही देता येत नाही, असं त्याने पुढे एकदा सांगितलं. त्याच बाकावर नाशिकचा सतीश वाघ बसला होता. तो अठ्ठावीसचा निघाला. त्याला चहा एका हाताने मिळाला. वाघच्या ते लक्षातही आलं नाही.

ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी कुवेतमधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो आणि मिरकाबमध्येच एका जुन्या इमारतीत राहत होतो. इब्राहिमभाई परकार रत्नागिरीकडचे. त्यांच्या पाटीवर अरबी भाषांतर आणि इकाम्याचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, कागद एवढंच लिहिलेलं होतं, पण दुकानातली निम्मी गर्दी कॅनडाची असे. तेल कंपन्यांतले पुण्या-नाशिकचे इंजिनिअर तिथे जाण्याचे अर्ज त्यांच्याकडून टाईप करून घेत. शुक्रवारी दुपारी मी त्या अर्जांतलं इंग्रजी तपासत असे. बदल्यात परकारांच्या घरचा माशांचा डबा मिळे.

त्या गर्दीत हान हा एकटा कोरियन. दक्षिणेकडच्या एका रिफायनरीत कोरियन ठेकेदाराचं मोठं काम चालू होतं. त्या कामावर तो झडपांच्या तपासणीला होता आणि कंपनीच्या छावणीत राहायचा. शुक्रवारी दुपारी छावणीची बस माणसांना बाजारासाठी शहरात सोडायची आणि संध्याकाळी सहाला परत न्यायची. इतर लोक बाजारात जात. हान दुकानात येई. केस आखूड, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खिशात इंग्रजी शब्दांचं एक जाडजूड छोटं पुस्तक. त्यातली रोज दोन पानं तो पाठ करी. 'वरवरचं', 'अनाकलनीय', 'निर्विवाद' असल्या अर्थांचे अवघड इंग्रजी शब्द त्याला स्पेलिंगसकट येत. पाणी मागायची वेळ आली की मात्र तो बाटलीकडे बोट दाखवी. आमचं बोलणं इंग्रजीत चाले, ते इथे मराठीत देतो आहे.

तो मला 'टीचर' म्हणे. परकारांना 'प्रेसिडेंट' म्हणे, कारण त्याच्या देशात ज्याचं दुकान त्याला तसंच म्हणतात. एक टाईपरायटर, एक संगणक आणि साडेतीन खुर्च्या एवढ्या साम्राज्याचे प्रेसिडेंट पहिल्या दिवशी लाजले. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी हानचा चहा फुकट केला.

कॅनडाला का जायचं, हे अर्जात लिहावं लागतं. भारतीय अर्जदार तिथे मुलांचं शिक्षण आणि स्वच्छ हवा लिहीत. हानने लिहिलं होतं, "माझी रांग चुकली." मी ते वाक्य खोडलं आणि अर्थ विचारला.

त्याने शांतपणे सांगितलं. त्याच्याकडे सगळं वयाप्रमाणे चालतं. अमुक वयाला विद्यापीठ, अमुक वयाला लष्कराची सक्ती, अमुक वयाला मोठ्या कंपनीची भरती. भरतीला वयाची अट असते. हानने विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत दोन वर्षं घालवली. तरी विद्यापीठ मिळालं ते प्रांतातलं, राजधानीतलं नव्हे. मग लष्कर. "लष्करात मी कोबी चिरली," तो म्हणाला. तिथून सुटून नोकरीच्या दारात आला तेव्हा देशावर पैशाचं संकट आलं आणि कंपन्यांनी भरती थांबवली. भरती पुन्हा सुरू झाली तोवर तो वयाच्या अटीपलीकडे गेला होता. मग परदेशातल्या कामापुरता, कंत्राटावर, तो कुवेतला आला. हे काम संपलं की कंत्राट संपणार होतं.

"परत जाऊन पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही?" मी विचारलं.

"रांग पुढे गेली, टीचर. आता तिथे लहान मुलं उभी आहेत."

परकारांनी यंत्रावरून मान वर केली. "त्याला सांगा, आमच्याकडे ये म्हणावं. आमच्याकडे रांगच नाय. जो तो खिडकीशी."

हानने हे वहीत लिहून घेतलं.

त्याच्या साहेबाचं नाव चोई. त्याला सगळे चोई क्वाजांग म्हणत. क्वाजांग म्हणजे विभागप्रमुख. चोई पन्नाशीचा, अबोल माणूस. एकदा त्याने हानला काही विचारण्यासाठी दुकानात फोन केला. साहेबाचा आवाज कळताच हान ताडकन उभा राहिला, फोनवर बोलताना तीनदा कमरेत वाकला आणि फोन ठेवल्यावरही काही क्षण उभाच राहिला. परकारही उभे राहिले होते. "मी कशाला उठलो?" त्यांनी मला विचारलं.

चोईला डोंगर चढण्याचा नाद होता. कुवेतमध्ये डोंगर नाही. जहराच्या पुढे एक टेकडी आहे. तिचं नाव मराठीत लिहिण्याजोगं नाही, म्हणून जहराची टेकडी म्हणू. चढायला पंचवीस मिनिटं लागतात. दर शुक्रवारी पहाटे चोई आपल्या विभागातल्या सहा जणांना घेऊन तिथे जाई. सातही जणांच्या पायांत गिर्यारोहणाचे बूट, हातांत मोजे, पाठीवर पिशव्या, हातात दोन-दोन काठ्या. पंचवीस मिनिटांनी ते माथ्यावर पोचत. चोई पिशवीतून संत्री काढून प्रत्येकाला एक देई. सगळे वाळवंटाकडे बघत ती खात आणि उतरत. जायलाच हवं असं कुणी म्हटलेलं नव्हतं. तीन वर्षांत कुणी एकदाही चुकवलं नव्हतं.

अर्जाला काही गुण लागत. वय, शिक्षण, भाषा, अनुभव. शिवाय मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात, माणूस कसा वाटला याचे, दहा. या दहांसाठी मी हानची तयारी घेऊ लागलो.

"या प्रकल्पात तुम्ही काय काम केलं?" मी विचारायचो.

"आमच्या विभागाने चोई क्वाजांग यांच्या मार्गदर्शनाखाली झडपांची तपासणी केली."

"तुम्ही काय केलं?"

"मी विभागात होतो."

"'मी'ने वाक्य सुरू करा."

तो बराच वेळ विचार करी. "मी," तो म्हणे आणि थांबे. "मी चोई क्वाजांग यांच्या मार्गदर्शनाखाली होतो."

वाघ एकदा हे ऐकत बसला होता. त्याला राहवलं नाही. "अहो सर, असं नसतं. हे बघा." तो खुर्ची ओढून समोर बसला. "मी तो प्लांट चालू केला. माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती. माझ्यामुळे काम सहा महिने आधी झालं. संपलं! काय अवघड आहे त्यात?"

"तुमच्या हाताखाली चाळीस माणसं आहेत?" हानने आदराने विचारलं.

"चार आहेत. कोण मोजायला येतंय?"

हान माझ्याकडे वळला. "टीचर, झडपा मी एकट्याने नाही बसवल्या." त्यात तक्रार नव्हती. तो माहिती दुरुस्त करत होता.

हिवाळ्यात त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. आपल्याकडचा शब्द वापरतो, कारण दुसरा सुचत नाही. हान थोरला मुलगा, आणि त्याचे वडीलही थोरले, त्यामुळे हे त्यालाच करावं लागे. छावणीत त्याच्या खोलीतले दोघे ख्रिस्ती होते, त्यांना हे चालत नव्हतं. त्याने माझी बैठकीची खोली मागितली. नियमाप्रमाणे हे रात्री करायचं असतं. छावणीची बस सहाला सुटत असल्यामुळे दुपारी तीनला केलं.

टेबलावर पांढरा कागद अंथरला. भात, तळलेला मासा, सफरचंदं, नासपती. भातापासून केलेली दारू लागते, ती कुवेतमध्ये मिळत नाही, म्हणून द्राक्षाचा रस. वडिलांचा फोटो मध्ये. मग हानने जाऊन माझ्या घराचं दार थोडं उघडं ठेवलं, वडिलांना आत येता यावं म्हणून. त्या फटीतून परकार आत आले. त्यांनी माशाचा डबा आणला होता.

"फातिहा चाललाय काय?" परकारांनी मला हळूच विचारलं. मृतासाठी म्हणायची प्रार्थना, तेव्हा मी हो म्हणालो. त्यांनी डोक्यावर टोपी चढवली आणि कोपऱ्यात हात बांधून उभे राहिले. हान दोनदा जमिनीला कपाळ टेकून उठला.

जेवताना त्याने सांगितलं, की आई फोनवर एकच गोष्ट विचारते. वडील थोरल्या मुलाच्या घरी येतात. कुवेतला आले, कारण कुवेत तात्पुरतं आहे. पण मुलगा कॅनडाचाच झाला, तर त्यांना पत्ता सापडेल का?

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"मला माहीत नाही म्हणालो."

परकारांनी काटा काढून बाजूला ठेवला. "त्याला म्हणावं, आईला सांग, वडिलांना व्हिसा लागत नाय. अडचण फक्त तुझी हाय."

मी भाषांतर केलं. हान हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी परकारांच्या पेल्यात द्राक्षाचा रस ओतला.

अर्ज शेवटी एका कागदावर अडला. नोकरीचा अनुभव सांगणारं, वरिष्ठाच्या सहीचं पत्र. साहेबाकडे ते मागणं म्हणजे मी जातो आहे असं सांगणं. कंत्राटी माणसाने असं सांगितलं तर त्याला पुढच्या विमानाने परत पाठवलं, तरी कुणाला नवल वाटलं नसतं. परत गेला की कुवेतमधून केलेला अर्ज बुडाला, आणि परत जाऊन उभं राहायला रांग नव्हती. हानने हे मला नीट समजावून सांगितलं, आणि पुढचे पाच महिने काहीही केलं नाही.

परकारांनी मार्ग काढला. "लेटरहेड आणून दे. बाकी मी बघतो. सही काय, कोणाचीही होते."

"चोई क्वाजांग यांच्या नावाने?" हानने विचारलं.

"त्यांना कळणार पण नाय."

"मला कळेल," हान म्हणाला.

दरम्यान वाघचं पत्र त्याच्या साहेबाने दहा मिनिटांत सही करून दिलं. साहेबही कॅनडाचाच अर्ज भरत होता.

हानने अखेर विचारलं ते टेकडीवर. इतर पाच जण उतरू लागले होते. त्याने सांगितलं. चोईने हातातलं संत्रं खाऊन संपवलं, सालं पिशवीत ठेवली, काठ्या उचलल्या. संपूर्ण उतारभर हान त्याच्या दोन पावलं मागे चालत राहिला. पुढचे तीन आठवडे तो कामावरून आला की बॅग भरलेली आहे ना हे बघे.

चौथ्या शुक्रवारी तो दुकानात आला, तेव्हा त्याच्या हातात लिफाफा होता. चोईने तीन संध्याकाळी शब्दकोश घेऊन बसून पत्र स्वतः लिहिलं होतं, आणि निरोप दिला होता, की तुझ्या त्या वर्तमानपत्रवाल्या टीचरकडून व्याकरण तपासून घे. हानचे डोळे लाल होते. परकारांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. त्यातला महत्त्वाचा भाग असा:

"श्री. हान तीन वर्षं माझ्या हाताखाली काम करत आहेत. त्यांच्यात अजून पुष्कळ उणिवा आहेत. अनुभव कमी आहे आणि त्यांनी अजून खूप शिकायला हवं. या उणिवांना मी जबाबदार आहे. तरी ते कष्टाळू आहेत. कृपया त्यांना नीट मार्गदर्शन करावं."

परकारांनी कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं. "ही शिफारस हाय की तक्रार?"

हानला प्रश्नच कळला नाही. आपल्या घरचा माणूस परक्यांच्या हाती सोपवताना त्याची स्तुती करायची नसते. स्तुती केली तर ती आपलीच होते. म्हणून त्याच्यात काय कमी आहे ते सांगायचं, कमीपणा स्वतःकडे घ्यायचा आणि सांभाळा म्हणायचं. मुलगी सासरी देताना असं बोलतात. चोईने त्याला कंत्राटी माणूस म्हणून नव्हे, घरचा म्हणून लिहिलं होतं. हे हानने ज्या स्वरात सांगितलं, त्यानंतर त्या कागदाविरुद्ध बोलणं अवघड होतं. तरी मी बोललो.

"कॅनडाचा अधिकारी हे असं वाचणार नाही. 'उणिवा'चं वाक्य काढू या. चोईंना विचारून काढू."

"तीन संध्याकाळी, टीचर," हान म्हणाला. "शब्दकोश घेऊन."

मी व्याकरणाच्या तीन चुका दुरुस्त केल्या. परकारांनी ते स्वच्छ टाईप केलं आणि चोईची सही होऊन ते गेलं. हानच्या उणिवा त्यात होत्या तशाच राहिल्या, फक्त आता निर्दोष इंग्रजीत.

मुलाखतीचा वृत्तांत हानने स्वतःच दिला. अधिकारी बाई शांत आणि सभ्य होत्या. प्रकल्पात तुम्ही काय केलं, असं त्यांनी विचारलं. हानने 'मी'ने वाक्य सुरू केलं आणि पूर्णही केलं. माझी शिकवणी फुकट गेली नव्हती. मग बाईंनी पत्र उचललं.

"तुमचे साहेब लिहितात, तुमच्यात पुष्कळ उणिवा आहेत. हे खरं आहे?"

"होय," हान म्हणाला.

"कोणत्या?"

"मग?" परकारांनी विचारलं.

"तीन सांगितल्या. वेळ संपली."

परकारांनी दोन्ही हात डोक्याला लावले. हान म्हणाला, की त्याला खोटं बोलता आलं असतं. पण 'नाही' म्हटलं असतं तर चोई क्वाजांग खोटे ठरले असते, परक्या माणसासमोर.

चार महिन्यांनी पातळ लिफाफा आला. जाड आला की पुढचे कागद आत असतात, हे परकारांच्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. पातळ बघून त्यांनी तो न फोडताच हानच्या हाती दिला. अधिकाऱ्याच्या हातातल्या दहा गुणांपैकी हानला तीन मिळाले होते. हवे तेवढे मिळाले असते तर बाकी सगळं पुरेसं होतं. त्याच महिन्यात वाघ टोरांटोला गेला. पहिली दोन वर्षं त्याने तिथे एका गोदामात खोकी उचलली, असं त्याच्या पत्रात होतं. त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं.

चोईने निकाल कधीच विचारला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी टेकडीवर त्याने सगळ्यांना संत्री दिली. हानला दिलेलं सोललेलं होतं. पुढे काम संपलं आणि सगळे परत गेले. निघण्याआधी हानने ते शब्दांचं पुस्तक मला दिलं, दोन्ही हातांनी. शेवटची चाळीस पानं कोरी करकरीत होती. त्याने पाठांतर कुठल्या दिवशी थांबवलं ते त्यावरून कळत होतं.

सात-आठ वर्षं गेली. शेजारच्या इराकमध्ये युद्ध झालं, मिरकाबमधल्या जुन्या इमारती पडू लागल्या. परकारांचं दुकान खैतानला गेलं आणि त्यांचा मुलगा, गिऱ्हाइकं मराठीत बोलली तरी, इंग्रजीत उत्तर देऊ लागला. एका शुक्रवारी दुपारी दुकानात कुणीतरी कमरेत वाकलं.

"प्रेसिडेंट. टीचर."

हान चाळिशीचा झाला होता. चोईने निवृत्त होण्याआधी मुख्य कचेरीत सगळ्यांचे उंबरे झिजवून त्याला कायम करून घेतलं होतं. कंपनीत वयाची अट मोडून घेतलेला तो एकच माणूस. आता तो स्वतः क्वाजांग होता. लग्न झालं होतं. वडील दर वर्षी योग्य पत्त्यावर येत होते. त्याचं इंग्रजी सरळ झालं होतं आणि पाणी त्याने तोंडाने मागितलं.

मग त्याने खिशातून कागद काढला. त्याच्या हाताखालच्या युन नावाच्या तरुण इंजिनिअरसाठी अनुभवाचं पत्र. परकारांनी चष्मा चढवला.

"श्री. युन यांनी या प्रकल्पातल्या सर्व झडपा स्वतः बसवल्या," ते वाचू लागले. "त्यांच्या हाताखाली चाळीस माणसं होती. त्यांच्यामुळे काम सहा महिने आधी पूर्ण झालं." ते थांबले. "हे वाघाचं हाय."

"झडपा त्याने एकट्याने नाही बसवल्या," हान म्हणाला. "पण असं लिहावं लागतं."

शेवटची ओळ होती, 'कृपया त्यांना नीट मार्गदर्शन करावं.' मी तिच्यावर पेन्सिल ठेवली. हानने नकारार्थी मान हलवली. ती राहिली.

"त्याने तुमच्याकडे मागितलं पत्र?" मी विचारलं.

"नाही. तो कंत्राटावर आहे, बत्तीस वर्षांचा आहे आणि साइटच्या बसमध्ये शब्दांचं पुस्तक पाठ करतो. मी ते पुस्तक ओळखतो." त्याने घड्याळ पाहिलं. "तो मागणार नाही. मागितलं तरी पाच महिने लावेल."

पुढच्या शुक्रवारी त्याने मला टेकडीवर बोलावलं. माझ्या पायात साधे बूट होते, याची त्याला काळजी वाटली. पाच तरुण होते, पूर्ण वेषात, काठ्यांसकट. पंचवीस मिनिटांनी आम्ही माथ्यावर पोचलो. हानने संत्री वाटली, एका हाताने, धाकट्यांना देतात तशी. सगळ्यांनी ती वाळवंटाकडे बघत खाल्ली. तरुण उतरू लागले तेव्हा त्याने युनला थांबवलं.

मी थोडा बाजूला होतो. बोलणं कोरियनमध्ये होतं आणि फार नव्हतं. हानने आतल्या खिशातून लिफाफा काढला आणि युनपुढे धरला. दोन्ही हातांनी.

युनने तो घेतला नाही. आपलं काय चुकलं ते न कळून तो साहेबाच्या हातांकडे बघत उभा राहिला. हानही तसाच उभा राहिला, हात पुढे करून, थोडा वाकून.